उजेडावर न जगणारं प्रवाळ: भाड्याच्या घरातली टाकी, कागदपत्रं आणि रोजचं जेवण

घरातल्या समुद्री टाकीत दिसणारे बहुतेक प्रवाळ उजेडावर जगतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि प्रवाळाचं पोट बरंचसं त्यावर भरतं. काही प्रवाळांच्या अंगात मात्र ही शैवालं नसतातच. ते गुहांच्या छताला, कड्यांच्या सावलीत, धक्क्यांच्या खांबांवर वाढतात आणि वाहत्या पाण्यातून येणारं प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, पकडून खातात. हौशी मंडळी त्यांना एनपीएस (नॉन-फोटोसिंथेटिक) म्हणतात. त्यांतलं सगळ्यांच्या ओळखीचं म्हणजे सन कोरल, शास्त्रीय नाव टुबास्ट्रिया. केशरी बुंधा, त्यावर पिवळेजर्द पॉलिप, म्हणजे शुंडकं असलेली छोटी तोंडं. पूर्ण उघडलं की झेंडूचा गेंद.

मी २०२३ पासून दक्षिण जर्मनीतल्या एका भाड्याच्या घरात हे प्रवाळ सांभाळते आहे. सुरुवात करण्याआधी इंग्रजी आणि जर्मन मजकूर खूप वाचला. ‘रोज खायला घाला’ हे सगळीकडे होतं. घरमालकाला काय लिहायचं, पावतीवर काय असायला हवं, चार आठवडे भारतात गेलं की काय करायचं, हे कुठेच एकत्र मिळालं नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने, खर्चासकट लिहिते.

भारतातून वाचणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी सांगाड्याचे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. सन कोरल दगडी सांगाड्याचं, आणि पुढे ज्याचा उल्लेख येईल ते गॉर्गोनियन म्हणजे समुद्रपंखा. दुकानात विक्रीला दिसले तरी घेऊ नका. पुढे लिहिलेलं सगळं जर्मनीतल्या कायद्यात बसणारं आहे; पुण्यात मी यातलं काहीही केलं नसतं.

आमच्याकडे २०१९ पासून मऊ प्रवाळांची एक समुद्री टाकी होती. २०२२ च्या शरदात वीज कंपनीचं पत्र आलं: युनिटचा दर ३२ सेंटवरून ४९ सेंट. पुढे सरकारने २०२३ सालासाठी आदल्या वापराच्या ८० टक्क्यांपर्यंत ४० सेंटची मर्यादा घातली, पण ऑक्टोबरमध्ये ते आम्हाला कुठे माहीत होतं? टाकीवरचे दिवे हाच सगळ्यांत मोठा खर्च होता. तेव्हाच हे उजेड न लागणारे प्रवाळ डोक्यात शिरले. मला ते आधीपासूनच आवडायचे. विजेच्या बिलाने नवऱ्याचीही संमती मिळाली. दिव्यांची वीज खरंच वाचते. वाचलेले पैसे अन्नात, मिठात आणि पाण्यात जातात, आणि वर रोजचा जवळजवळ एक तास जातो. हा हिशेब ज्याला मान्य आहे त्यानेच यात उतरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं काम घरमालकाची परवानगी. जर्मनीत मासे पाळायला सहसा परवानगी लागत नाही, पण वजनाचा प्रश्न वेगळा. नवी टाकी ६० × ५० × ५० सेंटिमीटरची, म्हणजे काठोकाठ १५० लिटर. खाली ५० लिटरचा सम्प, म्हणजे पाणी गाळण्याची दुसरी टाकी, काच, लाकडी स्टँड, दगड धरून साधारण २७० किलो. इथल्या घरांच्या जमिनी चौरस मीटरला १५० ते २०० किलो भाराच्या हिशेबाने बांधलेल्या असतात. हा भार पूर्ण खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे भक्कम भिंतीला लागून ठेवलेली एवढी टाकी बहुतेक काँक्रीटच्या घरांत चालते, पण जुन्या लाकडी तुळयांच्या घरात आधी जाणकाराला विचारायलाच हवं. आमची इमारत काँक्रीटची. मी पत्रात टाकीची मापं, एकूण वजन, खोलीचा नकाशा आणि टाकीची जागा एवढं लिहून पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: हरकत नाही, पण विम्याचा पुरावा द्या.

विम्याचं नीट समजून घ्या, कारण इथे दोन वेगवेगळे विमे येतात. आपलं स्वतःचं सामान भिजलं तर घरसामानाचा विमा, म्हणजे हाउसराट. खालच्या मजल्यावरच्यांचं छत ओलं झालं किंवा घरमालकाची लाकडी जमीन फुगली तर वैयक्तिक दायित्वाचा विमा, म्हणजे हाफ्टफ्लिष्ट. फुटलेल्या टाकीचं पाणी काही हाउसराट पॉलिसींत धरलेलं असतं, काहींत नसतं. हाफ्टफ्लिष्टमध्ये भाड्याच्या घराचं नुकसान वेगळं नमूद आहे का ते पाहायचं. दोन्ही कंपन्यांना मी ‘मत्स्यालय’ हा शब्द घालून लेखी विचारलं. हाउसराटमध्ये ते नव्हतं. वर्षाला १८ युरो जास्त भरून घालून घेतलं. फोनवर मिळालेल्या होकारावर थांबू नका, कागद मागा.

दुसरी चौकशी प्रवाळाची. सगळे दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि युरोपीय संघाच्या ३३८/९७ क्रमांकाच्या नियमावलीत ते ‘ब’ परिशिष्टात येतात. बाहेरून आणताना आयातपरवाना लागतो, आणि इथे विकत घेणाऱ्याकडे ते कायदेशीर मार्गाने आल्याचा पुरावा असावा लागतो. जर्मन नाव हेरकुन्फ्ट्सनाखवाइस. मला भीती होती की पाळण्याची नोंदही करावी लागेल, म्हणून जिल्ह्याच्या निसर्गसंरक्षण कार्यालयाला ईमेल केली. दोन आठवड्यांनी अगदी सौजन्याने उत्तर आलं: नोंद पृष्ठवंशीय प्राण्यांची करावी लागते, प्रवाळांची नाही, मात्र पुरावा जपून ठेवा, कधीही मागितला जाऊ शकतो. ती ईमेल मी छापून फाइलला लावली आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये टाकीत पाणी भरलं. हा टप्पा सगळ्या समुद्री टाक्यांचा सारखाच, म्हणून थोडक्यात. आरओचं पाणी, मीठ, जुन्या टाकीतले काही जिवंत दगड, बाकी कोरडे. अमोनिया, नायट्राइट चढून उतरले, मग काचेवर तपकिरी थर आला आणि गेला. एक सूचना मात्र खास मराठी वाचकांसाठी, कारण आपण इंग्रजी आणि जर्मन दोन्ही वाचतो आणि तिथेच गोंधळ होतो. इंग्रजी लेखांत पाण्याचा आकडा १.०२६ असा असतो, जर्मन लेखांत १.०२३. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रजीतला आकडा सापेक्ष घनतेचा आहे, जर्मनीतला २५ अंशांवरच्या प्रत्यक्ष घनतेचा. दोन्हींचा अर्थ क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, ३५. यंत्र घेताना थेट क्षारता दाखवणारं घ्या, म्हणजे प्रश्नच मिटतो.

एनपीएससाठी टाकीत तीन गोष्टी वेगळ्या केल्या. पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा स्किमर दुप्पट क्षमतेचा घेतला, म्हणजे २५० ते ३०० लिटरच्या टाकीचा, २१० युरो. दगड रचताना एक खोल कपार ठेवली, जिथे दिव्याचा उजेड थेट येत नाही. सन कोरलला उजेडाचा त्रास होतो म्हणून नव्हे. उजेड असला की त्याच्या उघड्या सांगाड्यावर शैवाल चढतं आणि मांस मागे हटतं, म्हणून सावली. तिसरी गोष्ट म्हणजे प्रवाह. दोन पंप आळीपाळीने चालणारे, प्रवाळावर थेट झोत न मारता त्याच्या अंगावरून पाणी सतत सरकवत राहतील असे. दिवा फक्त १५ वॅटचा, संध्याकाळी काही तास, तोही आम्हाला बघता यावं म्हणून. टाकी, सम्प, स्किमर, पंप, हीटर, दगड मिळून साधारण ९५० युरो खर्च झाला. टाकी आणि स्टँड वापरलेले घेतले होते.

मार्च २०२३ मध्ये पहिलं सन कोरल आणलं, ५५ युरोला. प्रवाळ घेताना मी आधी पाहिला तो त्याचा तळ. मेलेला, पांढरा पडलेला भाग किती आहे? पॉलिपांमधलं मांस अखंड आहे, की सांगाड्याच्या कडा वर आल्या आहेत? उपाशी राहिलेल्या सन कोरलमध्ये प्रत्येक पॉलिप वेगळा नळकांड्यासारखा उभा दिसतो आणि मधलं मांस नाहीसं झालेलं असतं. असं प्रवाळही सावरू शकतं, पण पहिलंच म्हणून घेऊ नये. दुकानदाराला माझ्यासमोर एक पॉलिप खाऊ घालायला सांगितलं. त्याने घातलं, आणि पंधराएक मिनिटांत पॉलिपने ते आत ओढलं. मग पावती. तिच्यावर नुसतं ‘कोरल, १ नग’ होतं. मी शास्त्रीय नाव, संख्या आणि आयातपरवान्याचा क्रमांक घालायला सांगितलं. बराच वेळ मागे कुठेतरी शोधाशोध झाली, पण क्रमांक मिळाला. तो न मिळता तर मी प्रवाळ तिथेच ठेवून आले असते.

घरी आणल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान एक केलं, मग बादलीत थेंब थेंब टाकीचं पाणी सोडलं, मग प्रवाळांसाठी मिळणाऱ्या आयोडीनच्या द्रावणात थोडा वेळ बुडवलं. उचलताना बुंध्याच्या दगडाला धरायचं. मांसाला बोट लावायचं नाही.

आणि ते उघडेना. दुकानात खाल्लेलं प्रवाळ घरी येऊन गच्च मिटलं. दुसरा आठवडा लागला तरी तेच. ही वाट पाहणं मला फार जड गेलं. रोज रात्री टॉर्चला लाल कागद लावून बघायची. आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारायची, ‘‘अगं, जेवली का तुझी फुलं?’’ आणि मी नाही म्हणायची. या काळात जे उपयोगी पडलं ते सांगते. दिवे गेल्यानंतर साधारण त्याच वेळी, रोज, वितळवलेल्या मायसिसचं (कोळंबीसारखे छोटे जीव, गोठवलेले मिळतात) थोडं पाणी प्रवाळाच्या वरच्या बाजूला सोडायचं. फक्त वासापुरतं, चमचाभर. आणि मग काहीही न करता अर्धा तास थांबायचं. प्रवाळाला वेळ कळते. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री कडेचे दोन पॉलिप फुगले, शुंडकांची टोकं बाहेर आली. त्या दोघांना आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखेच आणखी बारीक जीव, दिला. आठवड्याभरात निम्मे पॉलिप उघडू लागले आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळे. पुढे तर संध्याकाळी साडेआठला मी फ्रीज उघडण्याआधीच ते फुगलेले असायचे.

जेवण घालण्याची आमची पद्धत अशी बसली. गोठवलेला मायसिस, आर्टेमिया आणि सायक्लॉप्स वाटीत वितळवून बारीक चाळणीत धुवायचा, कारण त्या पाण्यात फॉस्फेट असतं. वासासाठी चमचाभर पाणी बाजूला काढून ठेवायचं. पंप बंद. दीड लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून तो प्रवाळावर घुमटासारखा ठेवायचा. बूच काढलेल्या तोंडातून लांब नळीची पिचकारी आत घालून प्रत्येक पॉलिपच्या शुंडकांवर एक किंवा दोन मायसिस हळूच सोडायचे. जोरात सोडलं तर पॉलिप मिटतो. हा घुमट नसेल तर कोळंबी येऊन पॉलिपच्या तोंडातून घास काढून नेते. आमची लाल पट्ट्यांची कोळंबी यात फार तरबेज आहे. अर्ध्या तासाने घुमट काढायचा, उरलेलं नळीने ओढून घ्यायचं. पंपांना असा प्लग लावा जो ठरलेल्या वेळाने आपोआप पुन्हा चालू होतो. बंद पंपाच्या टाकीत रात्रभर प्राणवायू कमी होत जातो, आणि भरपूर खाणं पडलेल्या टाकीत ते धोक्याचं आहे.

सुरुवातीला रोज, आता आठवड्यातून चार-पाच वेळा. दोन-तीन वेळांवरही सन कोरल जगतं, पण वाढायचं असेल तर जास्त लागतं. प्रत्येक पॉलिप हा वसाहतीचा भाग असला तरी एका बाजूच्यांनाच खाऊ घातलं तर दुसरी बाजू बारीक होत जाते, म्हणून मागच्या बाजूचे, हात न पोचणारे पॉलिप मुद्दाम आठवणीने भरवावे लागतात. प्रवाळ दगडाला चिकटवलं नाही, सुट्या तबकडीवर ठेवलं, ते याचसाठी: फिरवता येतं.

आता बाहेर काढण्याची बाजू, आणि माझ्या मते एनपीएसचं अर्धं काम हेच आहे. एप्रिल २०२३ मध्ये नायट्रेट ५ वरून ४० मिलिग्रॅमवर गेलं, फॉस्फेट ०.०४ वरून ०.३ वर. सन कोरलला त्याचं फार काही वाटत नव्हतं. पण दगडांवर लालसर चिकट साय धरू लागली, आणि ती प्रवाळाच्या बुंध्यावर चढली की मांस गेलंच. आम्ही पाण्याची बदली आठवड्याला ३० लिटर केली. पाणी गाळणारी पिशवी दर दोन दिवसांनी धुतलेली लावायची. सम्पमध्ये केटोमॉर्फा हे दोऱ्यासारखं शैवाल छोट्या दिव्याखाली वाढवलं. ते नायट्रेट, फॉस्फेट शोषून वाढतं आणि महिन्यातून दोनदा मूठभर काढून टाकायचं. फॉस्फेटसाठी लोहयुक्त दाणे. इथले बरेच जण वोडका किंवा व्हिनेगर थेंबाथेंबाने घालून जिवाणू वाढवतात, ते नायट्रेट खातात. मी ते केलं नाही. लहान टाकी, भरपूर अन्न आणि त्यात जिवाणूंची लाट, म्हणजे प्राणवायूची शिल्लक फारच कमी राहते. ऑगस्टपर्यंत नायट्रेट १५ च्या आसपास स्थिरावलं आणि मी त्यावर समाधानी आहे. शून्याच्या मागे लागायची गरज नाही.

याच काळात क्षारकता, म्हणजे केएच, ८ वरून साडेसहावर आली. उजेडावर जगत नसलं तरी हे प्रवाळ दगडी सांगाडा बांधतं, आणि नीट खाऊ लागलं की पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलू लागतं. खायचा सोडा आरओच्या पाण्यात विरघळवून थोडा थोडा, काही दिवसांत विभागून दिला. दिवसात एका अंशापेक्षा जास्त चढवू नये.

महिन्याचा खर्च विचाराल तर: गोठवलेलं खाणं २५ ते ३० युरो, मीठ १५ च्या आसपास, फॉस्फेटचे दाणे आणि चाचणीची द्रावणं सरासरी १० युरो. वीज वेगळी.

जूनच्या अखेरीस काही पॉलिप पुन्हा उघडेनासे झाले. पाण्याचे आकडे ठीक होते. फक्त एकाच बाजूचे मिटलेले होते आणि त्यांच्या बुडाशी पिवळसर दाण्यांचे पुंजके होते. मध्यरात्री लाल उजेडात पाहिलं तर त्याच पिवळ्या रंगाची नखाएवढीही नसलेली गोगलगाय. एपिटोनियम बिलीयानम. ती सन कोरलच खाते आणि त्याचाच रंग घेते, त्यामुळे दिवसा दिसत नाही. प्रवाळाबरोबरच आलेली असते. द्रावणात बुडवून अंडी मरत नाहीत, ती हातानेच काढावी लागतात. प्रवाळ टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घेऊन चिमट्याने गोगलगाई आणि मऊ दातघासणीने अंडी काढली, आणि पुढचा महिनाभर दर तीन-चार दिवसांनी हेच केलं. जुलै संपताना शेवटची सापडली. नवं सन कोरल घेतलं की पहिला महिना त्याला वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावं, असं म्हणतात; जागा असेल तर जरूर ठेवा.

त्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी २९ अंशांवर गेलं, घरात एसी नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा लावला, २६ पर्यंत उतरलं. बाष्पीभवन वाढतं, आरओचं पाणी रोज भरावं लागतं.

सप्टेंबरमध्ये गॉर्गोनियन आणलं. कॅरिबियन समुद्रातलं डायोडोगॉर्जिया, पिवळ्या फांद्या, लाल उंचवटे, त्यांतून पांढरे पॉलिप. ४५ युरो. हे साइट्सच्या यादीत नाही, त्यामुळे कागद लागला नाही. पावती तरीही ठेवली. सन कोरलला मायसिस चालतो, याच्या पॉलिपांचं तोंड बारीक. याला सतत, थोडं थोडं आणि अगदी बारीक अन्न लागतं. म्हणून स्वयंपाकघरात बरण्या आल्या: एकीत नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवं सूक्ष्म शैवाल, दुसरीत त्यावर वाढणारे रोटिफर हे सूक्ष्म प्राणी. शैवालाला खत, हवा आणि दिवा मिळाला की आठ-दहा दिवसांत पाणी गर्द हिरवं होतं. रोटिफरची बरणी मात्र अचानक मरते, म्हणून दोन बरण्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. आणि ज्या पिचकारीने रोटिफर काढता ती शैवालाच्या बरणीत कधीही घालू नका, दोन दिवसांत सगळं शैवाल खाऊन संपतं.

गॉर्गोनियन पहिल्याच संध्याकाळी उघडलं, पण नोव्हेंबरात दोन टोकांवर तपकिरी थर बसला आणि खालचं मांस सुटू लागलं. मेलेल्या भागाच्या खाली दोन सेंटिमीटर निरोगी भाग धरून कात्रीने कापलं. पाच फांद्यांपैकी आज दोन आहेत, आणि त्या दोन्ही रोज उघडतात. हे प्रवाळ सन कोरलपेक्षा खूप अवघड आहे. डेंड्रोनेफ्थिया, ते गुलाबी-जांभळं, काचेसारखं पारदर्शक मऊ प्रवाळ, त्याहून अवघड. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तांबड्या समुद्रातल्या अभ्यासात दिसलं की त्यातली एक जात मुख्यतः वनस्पती-प्लवकावर जगते. तेवढं शैवाल तासातासाला पुरवणं आणि तेवढंच पाणी स्वच्छ ठेवणं माझ्या घरात शक्य नाही. दुकानात ते पाहून दर वेळी जीव तुटतो. तिथल्या बहुतेकांचा शेवट काही महिन्यांत उपासमारीने होतो. मी ते घेणार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये चार आठवडे पुण्याला जायचं होतं. परदेशात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचाच हा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर. सन कोरल उपासाने लगेच मरत नाही, पण चार आठवड्यांत मांस मागे हटतं आणि सावरायला पुढचे कित्येक महिने जातात. खालच्या मजल्यावरच्या आजी माशांना चिमूटभर दाणे घालायला आनंदाने तयार होत्या. पिचकारी आणि घुमट घेऊन अर्धा तास उभं राहायला त्यांना सांगणं मला बरं वाटेना. तेव्हा सन कोरल पाऊण तासाच्या अंतरावरच्या एका हौशी गृहस्थांच्या टाकीत ठेवायला दिलं. थर्माकोलच्या खोक्यात, सोबत पावतीची प्रत आणि ‘सांभाळायला दिलं आहे, मालकी आमचीच’ अशी दोघांच्या सहीची चिठ्ठी. गॉर्गोनियन हलवलं नाही. त्याच्यासाठी लहान फ्रीजमध्ये शैवालाची बाटली आणि थोडं थोडं पाणी सोडणारा पंप लावला. आदल्या दोन आठवड्यांत तो चालवून पाहिला होता. आजींसाठी आठवड्याच्या गोळ्यांच्या डब्या आणल्या आणि माशांच्या दाण्यांचा रोजचा वाटा वारानुसार भरून ठेवला. ‘थोडंसं घाला’ म्हटलं की प्रत्येकाचं थोडंसं वेगळं असतं. डबीत जेवढं आहे तेवढंच घालायचं म्हटलं की प्रश्न उरत नाही. परत आलो तेव्हा नायट्रेट उलट कमी झालं होतं, आणि सन कोरलने त्या गृहस्थांकडे छान अंग धरलं होतं.

हेच टुबास्ट्रिया मूळचं हिंद आणि प्रशांत महासागरातलं. जहाजांच्या तळाला चिकटून ते कॅरिबियनमध्ये पोचलं, तिथली नोंद १९४३ ची आहे. पुढे ब्राझीलच्या किनाऱ्यावर तेलाच्या फलाटांवरून पसरलं आणि आता तिथे स्थानिक जीवांवर कुरघोडी करतं म्हणून ते उपटून काढावं लागतं. इतका चिवट प्राणी घरातल्या टाकीत मरतो तो बहुतेक वेळा फक्त उपासमारीने. दुकानदार ‘नाजूक आहे’ म्हणतात तेव्हा मला हे आठवतं. ते नाजूक नाही, त्याला खाणं लागतं. आणि म्हणूनच टाकीतलं पाणी, दगड, प्रवाळाचा तुकडा, काहीही कधी समुद्रात सोडू नका.

मे २०२४ मध्ये सम्पकडे पाणी जाण्याच्या झडपेजवळ, काचेवर, केशरी ठिपके दिसले. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाला शुंडकं. सन कोरलची पिल्लं. प्रवाळाने सोडलेल्या अळ्या जिथे सावली आणि प्रवाह मिळाला तिथे बसल्या होत्या. मायसिस त्यांच्याएवढाच मोठा, म्हणून ताजा उबवलेला आर्टेमिया दिला. अंडी खाऱ्या पाण्यात हवा सोडून २७ अंशांवर ठेवली की चोवीस ते छत्तीस तासांत पिल्लं निघतात, वरची टरफलं मात्र वगळून घ्यायची. काचेवरची पिल्लं पातळ पात्याने खरवडून काढताना काही गेली. दगडावरची राहिली, आणि ऑक्टोबरपर्यंत त्यांच्या बुडाशी शेजारी नवे पॉलिप फुटले.

त्यातला एक दगड आमचं प्रवाळ सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांना द्यायचं ठरलं. फुकट द्यायचं असलं तरी ‘ब’ परिशिष्टातल्या प्रवाळाचा पुरावा सोबत जायला हवा, म्हणून निसर्गसंरक्षण कार्यालयाला पुन्हा ईमेल केली. या वेळी चार दिवसांत उत्तर आलं. ठरावीक छापील अर्ज नाही, साधा कागद चालतो. त्यावर लिहिलं: टुबास्ट्रिया कॉक्सिनिया, एक वसाहत, सहा पॉलिप, आमच्या टाकीत मे २०२४ मध्ये जन्मलेली, मूळ वसाहत मार्च २०२३ मध्ये अमुक पावतीने घेतलेली, आयातपरवाना क्रमांक अमुक, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, दोघांच्या सह्या. दोन प्रती. मूळ पावतीची छायाप्रत त्यांच्या प्रतीला जोडली, मूळ पावती आमच्या फाइलमध्येच आहे.